माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ: पिन लावायच्या आधी काय बघायचं, आणि पेटीच्या पॉलिशचं काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. सांगलीच्या जुन्या घराच्या माळ्यावर वडिलांचा फिलिप्सचा लाकडी पेटीचा, हिरव्या डोळ्याचा (म्हणजे स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणाऱ्या हिरव्या दिव्याचा) रेडिओ सापडला, वीस-पंचवीस वर्षं कोणी लावलेला नाही. वायरमन म्हणतो पिन लावून बघा, चालला तर चालला. भाऊ म्हणतो आतलं सगळं काढून ब्लूटूथचं किट बसवू. तुम्हाला स्वतःला डाख देता येतो, मीटर धरता येतो, आणि पेटीचं पॉलिश पांढरं पडलंय ते घरच्या घरी करता येईल का हे हवंय.

माझं काम हेच सेट दुरुस्त करायचं आहे, म्हणून आधी स्पष्ट सांगतो, पिन लावू नका. एकदाही नाही, "बघू तरी" म्हणूनही नाही. रेडिओ बिघडलेला असेल म्हणून नाही हं, उलट बहुतेक वेळा तो फारसा बिघडलेला नसतोच, पण इतक्या वर्षांनी थेट 230 व्होल्ट दिले की त्या दोन-तीन मिनिटांत तो बिघडू शकतो. या सेटमध्ये दोन प्रकारच्या वस्तू असतात. एक म्हणजे कंडेन्सर (कपॅसिटर), जे म्हातारे होतात आणि बाजारात दहा-वीस रुपयांपासून मिळतात. दुसरे म्हणजे मेनचा ट्रान्सफॉर्मर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, कॉइल, डायलची काच, जे म्हातारे होत नाहीत पण गेले की तसेच परत मिळत नाहीत. वायरमनच्या पद्धतीत स्वस्त वस्तू महागाची वस्तू जाळते. म्हणून माझ्या सगळ्या कामाचा क्रम एवढ्यावरच बेतलेला आहे, की जे परत मिळणार नाही त्याला आधी सुरक्षित करायचं, आवाज नंतर.

आता तुमचा सेट कोणत्या जातीचा आहे त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. मागचा पुठ्ठा काढा आणि व्हॉल्व्हवरचे, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांवरचे, नंबर वाचा. ही अक्षरं काचेवर बोटाने पुसली जातात म्हणून कापड अजिबात लावू नका, फिकी दिसत असतील तर तोंडाने हलकी वाफ सोडा, दोन सेकंद अक्षरं उठून दिसतात, तेवढ्यात फोटो काढा. पहिलं अक्षर ई असेल, म्हणजे ईसीएच81, ईबीएफ89, ईएल84, ईझेड80 अशी मंडळी असतील, तर तो 6.3 व्होल्टच्या फिलामेंटचा सेट, त्यात मेनचा ट्रान्सफॉर्मर असतो. पहिलं अक्षर यू असेल, यूसीएच81, यूबीएफ89, यूएल84, यूवाय85 असे, तर तो एसी-डीसी सेट. त्यात मेनचा ट्रान्सफॉर्मरच नाही, सगळ्यांची फिलामेंटं 100 मिलिअँपिअरवर एकामागोमाग एक सिरीजमध्ये जोडलेली, आणि उरलेलं व्होल्टेज एका मोठ्या रेझिस्टन्सवर खर्च होतं. असे सेट स्वस्त पडायचे आणि जिथे तेव्हा डीसी सप्लाय होता तिथेही चालायचे. हिरवा डोळा दोन्ही जातींत मिळतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यावरून ठरवू नका.

हा फरक एवढा लांबवून सांगतोय कारण यू जातीच्या सेटमध्ये मेनच्या दोन वायरपैकी एक थेट चेसिसला, म्हणजे आतल्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेली असते. पिन उलटी बसली की अख्खी लोखंडी चेसिस लाइव्ह, आणि बटणांच्या आतले बारीक स्क्रूसुद्धा लाइव्ह. जुने मेकॅनिक त्या स्क्रूच्या भोकात मेण भरायचे ते त्यासाठी. तुमचा सेट या जातीचा निघाला तर मी तुम्हाला एकटीने काम करा असं म्हणणार नाही, 230 ते 230 चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सेटला मेनपासून वेगळा ठेवणारा, असल्याशिवाय तर नाहीच. ई जातीचा निघाला तर सावधपणे घरी करता येण्यासारखं आहे, पण त्यातही आत 250 व्होल्ट डीसी असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये साठून राहतात. दरवेळी हात घालायच्या आधी 10 किलोओहम 5 वॅटच्या रेझिस्टन्समधून ते उतरवायचे आणि मीटरने शून्य बघायचं. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून उतरवायची सवय बऱ्याच जणांना असते, ती नको.

चेसिस बाहेर काढताना बटणं, डायलची काच, स्पीकरच्या वायरी या क्रमाने फोटो काढत जा. आत काय सापडेल सांगता येत नाही, झुरळांची अंडी, वाळलेली पाल, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उंदराचं घरटं. नुसती धूळ असेल तर रंगाचा मऊ ब्रश आणि फुंकर पुरते. उंदीर मुतलेला असेल तर चेसिसवर पांढरा-हिरवा गंज चढलेला दिसतो, तिथे ओलसर कापसाने पुसून चांगलं वाळवा, आणि कापडी वेष्टणाच्या वायरी कुरतडल्यात का ते एकेक करून बघा. गँगच्या पात्यांना म्हणजे सुई फिरवली की आत-बाहेर होतात त्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना हात लावू नका, एक जरी वाकली तरी स्टेशन लावताना खरखर येते. आणि ते उभे ॲल्युमिनियमचे डबे, आयएफचे, म्हणजे आत एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेल्या कॉइल असतात ते, त्यांच्या वरचे स्क्रू फिरवायचा मोह फार होतो, कृपया नको. ते सिग्नल जनरेटर लावून सेट केलेले असतात, कानाने परत जुळत नाहीत, आणि आतला ठिसूळ कोर तुटला की डबाच गेला.

कंडेन्सरवर जास्त बोलतो कारण निम्म्याहून जास्त काम तिथेच आहे. चेसिस उलटी केली की खाली मेणाचे नाहीतर काळ्या डांबरासारख्या लेपाचे नळीसारखे कंडेन्सर दिसतील. आत कागद असतो, कागदात दमट हवा शिरते, आणि जो कंडेन्सर डीसी अडवायला ठेवलाय तोच थोडं थोडं डीसी गळू देतो. यातला एक फार महत्त्वाचा, तो म्हणजे ईएल84 च्या (स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या शेवटच्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडवर, म्हणजे करंटवर ताबा ठेवणाऱ्या पायावर, येणारा कपलिंग कंडेन्सर, साधारण 0.01 ते 0.022 मायक्रोफॅरडचा. ग्रिडवर डीसी आलं की व्हॉल्व्हमधून वाजवीपेक्षा खूप जास्त करंट जातो, आतली प्लेट लाल दिसायला लागते, आणि तो सगळा करंट आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या केसाएवढ्या तारेतून जातो. ती तार तुटली की रेडिओ मुका. लोक म्हणतात "चांगला वाजत होता आणि अचानक बंद पडला", त्यामागे बरेचदा हा एवढासा कंडेन्सर असतो. म्हणून बाकी काही बदला न बदला, हा आधी बदला, 630 व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घाला.

मग बाकीचे कागदी सगळे, एका वेळी एकच काढा, नवा लावा, मग पुढचा. सगळे एकदम कापून ठेवले की कुठला कुठे होता ते फोटोवरूनही कळत नाही. मायकाचे आणि सिरॅमिकचे सहसा ठीक असतात, त्यांना राहू द्या. फिलिप्सच्या नंतरच्या सेटमध्ये मोहरीच्या रंगाचे चकचकीत कंडेन्सर मिळतात, तेही बहुतेक आजही उत्तम असतात, उगाच बदलू नका. मेनच्या दोन वायरींमध्ये एखादा कंडेन्सर असेल तर तिथे साधा चालत नाही, एक्स2 लिहिलेलाच, म्हणजे मेनसाठीच्या सुरक्षित वर्गाचा, घ्या, आणि मेनच्या वायरीतून चेसिसला जाणारा असेल तर वाय वर्गाचा.

मोठा डबा असतो तो फिल्टर कंडेन्सर, 50 अधिक 50 मायक्रोफॅरड 350 व्होल्ट अशा धर्तीचा. तो जुनाच हळूहळू व्होल्टेज चढवून जागा करता येतो असं म्हणणारे आहेत, आणि कधी कधी होतोही, पण मी गिऱ्हाइकाला देताना तसा देत नाही. डबा चेसिसवर दिसायला तसाच ठेवा, त्याच्या वायरी सोडवा, आणि खाली 47 मायक्रोफॅरड 450 व्होल्टचे दोन नवे बसवा. वायरी सोडवणं आवश्यक आहे, जुन्याच्या डोक्यावर नवा जोडला तर जुना गळतच राहतो. आणि हम, म्हणजे स्पीकरमधली घूं-घूं, कमी होईल म्हणून 220 मायक्रोफॅरड घालू नका, ईझेड80 सारख्या रेक्टिफायरला, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हला, पहिल्या कंडेन्सरची मर्यादा 50 ची आहे, त्यापुढे चालू करताना व्हॉल्व्हवर जो झटका येतो त्याने तो मरतो.

रेझिस्टन्स मीटरवर बघा, जुने कार्बनचे वरच्या बाजूला सरकतात, लिहिलेल्या आकड्याच्या वीस टक्क्यांपलीकडे गेलेला बदला. मेनची वायर जुनी रबराची असेल तर नवी तीन कोरची घाला, ई जातीच्या सेटला चेसिसला अर्थिंग द्या आणि फ्यूज नसेल तर बसवा. मागे व्होल्टेज निवडायची चकती असते, ती सगळ्यात वरच्या आकड्यावर, 240-245 वर ठेवा, आपल्याकडचा सप्लाय तेवढा चढतो.

आता चालू करायचं, पण सिरीज बोर्डवरून. कुठल्याही रेडिओवाल्याकडे किंवा वायरमनकडे असतो तोच, लाइव्ह वायरमध्ये एक होल्डर, त्यात 60 वॅटचा तारेचा बल्ब. एलईडी चालणार नाही, तारेचाच हवा. कारण रेडिओने जास्त करंट ओढला की बल्ब भगभगीत पेटतो आणि व्होल्टेज स्वतःवर घेतो, रेडिओ वाचतो. पिन लावल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, मग व्हॉल्व्ह तापले की किंचित वाढून स्थिरावला, तर ठीक. पूर्ण उजेडात पेटून राहिला तर लगेच बंद, आत शॉर्ट आहे. हे पार पडलं की 100 वॅटचा बल्ब, मग थेट.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. चेसिस बाहेर काढली की स्पीकर पेटीतच राहतो, आणि मग लोक स्पीकर न जोडताच सेट चालू करतात. तसं करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार नसेल आणि आवाजाचं बटण वर असेल तर आत उंच व्होल्टेज उठून वाइंडिंग फुटू शकतं. लांब वायरी जोडून स्पीकर टेबलावर आणा, किंवा तात्पुरता दुसरा स्पीकर लावा.

थेट सप्लायवर आला की मीटर डीसीवर ठेवून काळी वायर चेसिसला क्लिपने लावा, म्हणजे एक हात मोकळा, तो पाठीमागे ठेवा. ईएल84 च्या दोन नंबरच्या पायावर, ग्रिडवर, शून्याच्या आसपास हवं. तिथे अर्धा-एक व्होल्ट जरी अधिक (पॉझिटिव्ह) दिसला तरी कुठेतरी गळती आहे. तीन नंबरच्या पायावर, कॅथोडला, साधारण 6 ते 8 व्होल्ट. हे दोन आकडे बरोबर असले की माझा जीव भांड्यात पडतो, कारण मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर सुरक्षित आहे. नंतरची कामं शांतपणे होतात, आवाजाच्या बटणाची खरखर, बँड स्विचचं साकळलेलं तोंड, यांना कॉन्टॅक्ट क्लीनर थेंबभर घालून वीस-तीस वेळा फिरवा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे तिथे मारू नका, त्यावर धूळ चिकटते. व्हॉल्व्ह कमजोर असतील तर तेही शेवटीच ठरवा, कारण कंडेन्सर बदलल्यावर "गेलेले" व्हॉल्व्ह बरेचदा ठणठणीत निघतात. लागलेच तर बीईएलने बंगळुरूला बनवलेले जुने न वापरलेले व्हॉल्व्ह अजून मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुन्या दुकानांत, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास आणि जुन्या बाजारात विचारा. हिरवा डोळा मात्र मंद झाला असेल तर तसाच राहू द्या. त्याचा रंग घासून गेलेला असतो, नवा शोधण्यात पैसे जातात आणि रेडिओच्या आवाजाला त्याने काही फरक पडत नाही.

भावाच्या ब्लूटूथबद्दल. आतलं काढू नका, एवढं मी आग्रहाने सांगेन, कारण त्याला जे हवंय ते न काढताही होतं. मागे बघा, रेकॉर्ड प्लेअर जोडायला दोन भोकांचं सॉकेट असेल, बाजूला तबकडीचं चित्र असतं. ई जातीचा, ट्रान्सफॉर्मरचा सेट असेल तर तिथे बॅटरीवर चालणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर जोडता येतो, डावा-उजवा एकत्र करायला दोन रेझिस्टन्स घालून. मग फोनवरचं गाणं त्या लाकडी पेटीतून आणि त्या कागदी शंकूच्या स्पीकरमधून ऐका, भाऊ स्वतःच किटचं नाव काढणार नाही. यू जातीचा असेल तर हे बिलकुल करायचं नाही, ते सॉकेटसुद्धा मेनशी जोडलेलं असू शकतं, रिसीव्हरची वायर हातात धरणं म्हणजे मेन धरणं.

पेटीकडे येतो. आधी ठरवायचं ते हे, की पॉलिश खरंच काढायचंय का. या पेट्या भरीव लाकडाच्या नसतात, प्लायवर अर्धा मिलिमीटरच्या आसपासचा व्हिनिअर, म्हणजे चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, असतो, आणि लोकांना माहीत नसतं ती गोष्ट म्हणजे तो गडद तपकिरी रंग बरेचदा लाकडात नसून वरच्या लॅकरमध्ये असतो. सगळं खरवडलं की खालून फिकट, जरा निरागस दिसणारं लाकूड निघतं आणि लोक घाबरतात. म्हणून मी आधी फक्त धुतो. टर्पेंटाइनमध्ये बुडवून पिळलेलं मऊ कापड, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, कापड काळं निघायचं थांबेपर्यंत. तंबाखूच्या, उदबत्तीच्या धुराचा, चुलीचा थर निघतो आणि निम्म्या पेट्या इथेच सुधारतात.

पांढरे डाग म्हणजे बहुतेक दमटपणा वरच्या थरात अडकलेला. मागच्या बाजूला, खाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी कापसाच्या काडीने स्पिरिट लावून बघा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटला दाद दिली नाही पण एनसी थिनरला विरघळलं तर नायट्रोसेल्युलोज लॅकर. दोन्हींना काहीच झालं नाही तर नंतर कोणीतरी दुसरा काहीतरी थर दिलाय, तो घरी काढायच्या भानगडीत पडू नका. पहिल्या दोन प्रकारांत मात्र गंमत अशी की थराचाच सॉल्व्हंट त्याला परत जुळवतो. मलमलीच्या कापडात कापूस बांधून बोंडी करा, ती जेमतेम ओलसर, गालाला लावली तर गार लागेल एवढीच, आणि डागावरून न थांबता सरकवत न्या. थांबलात तर बोंडी चिकटते आणि थर उचलला जातो. दोन-तीन हात, मग तासभर विश्रांती. पांढरेपणा विरळ होत जाताना डोळ्यासमोर दिसतो.

एवढ्यानेही भागलं नाही, थर सालपटासारखा सुटत असेल, तरच पूर्ण काढा. ब्रँडची पितळी अक्षरं आणि पट्ट्या आधी काढून डबीत ठेवा. मशीनचा सँडर नको, कडेला तो क्षणात व्हिनिअर पार करून प्लाय दाखवतो. थिनर आणि बोथट पत्र्याने काढा, मग 320 चा पॉलिश पेपर हातानेच. व्हिनिअर कुठे फुगलं असेल तर चिरेतून पातळ केलेला फेव्हिकॉल सोडा, वर कागद, त्यावर फळी आणि वजन, एक रात्र. मुळात तिथे सरस असेल तर कधी कधी नुसती कोमट इस्त्री कापडावरून फिरवूनही परत बसतं. बारीक भोकं आणि भुकटी दिसली तर किडा आहे, सिरिंजने औषध भरा आणि पेटी काही दिवस प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा.

नंतर स्टेन, म्हणजे लाकडाचा रंग, आणि वर लाखदाण्याचं पॉलिश. मी लिटरभर स्पिरिटला 150 ते 200 ग्रॅम दाणा रात्रभर भिजवतो आणि जुन्या धोतराच्या कापडातून गाळतो. मूळ थर एनसीचा असताना लाख का, असं कोणी विचारेल. स्प्रे गनशिवाय एनसी सारखं बसत नाही, त्याचा वास घरात सोसत नाही, आणि लाखेचा थर पुढे कधी बिघडला तर नुसत्या स्पिरिटने दुरुस्त होतो. अगदी कारखान्यासारखी आरशाची चकाकी हवी असेल तर मग पॉलिशवाल्याकडे द्या. पण कोणीही करो, पावसाळ्यात करू नका. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा ओल्या थरात अडकतो आणि जो पांढरेपणा काढायला बसलात तोच परत येतो. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ चांगला, सांगलीला तर हवा मस्त कोरडी असते.

डायलच्या काचेबद्दल जपून. स्टेशनांची नावं आणि मीटरचे आकडे काचेच्या मागच्या बाजूला छापलेले असतात, तिथे पाणी, साबण, स्पिरिट काहीही लागलं की अक्षरं कापसावर उतरतात. पुढची बाजू पुसा, मागची फक्त मऊ ब्रशने झटका. जाळीच्या जागी लावलेलं विणीचं कापड फाटलं नसेल तर ब्रशनेच साफ करा, धुतलं की ते आटतं आणि परत ताणून बसत नाही.

शेवटी ऐकणार काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण घरी आणल्यावर येतोच. मध्यम लहरींवरचे ट्रान्समीटर कमी होत चाललेत, तरी आकाशवाणीचं पुणे केंद्र 792 किलोहर्ट्झला आणि मुंबईची अस्मिता वाहिनी 558 ला शोधा, डायलवर ते किलोसायकल म्हणून लिहिलेलं असेल. विविधभारती 1957 साली सुरू झाली तेव्हा शॉर्टवेव्हवरच होती, त्या काळच्या सेटचे 25, 31, 41 मीटरचे पट्टेही अंधार पडल्यावर फिरवून बघा. पहिल्या दिवशी नुसती खरखर आली तर रेडिओला दोष देऊ नका, आधी घरातले एलईडी दिवे, चार्जर आणि राउटर बंद करा. एरियलला भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टांगायचे ती तांब्याच्या जाळीची पट्टी मिळाली तर उत्तम, नाहीतर गच्चीपर्यंत दहा-पंधरा फूट साधी वायर पुरते, पावसाळ्यात विजा व्हायला लागल्या की ती काढून ठेवायची.

खर्चाचं म्हणाल तर कंडेन्सर, वायर, फ्यूज धरून हजार-दीड हजारात भागायला हरकत नाही, ट्रान्सफॉर्मर जळलेला निघाला तर गोष्ट वेगळी, तो भरून (आतली तार नव्याने गुंडाळून) घ्यावा लागतो आणि भरणारा चांगला मिळणं हीच मुख्य अडचण असते. तुम्ही आधी फक्त दोन फोटो काढा, एक व्हॉल्व्हच्या नंबरांचा, एक चेसिसच्या खालच्या बाजूचा उजेडात. ते टाकलेत की कपलिंग कंडेन्सर नेमका कोणता ते मी खूण करून दाखवतो, डाख तुम्ही द्या.